तिसऱ्या जातीची गोगलगाय

सरांनी माझ्या तळहातावर चार शंख ठेवले आणि विचारलं, "यातला वेगळा कोणता?"

शंख म्हणजे देव्हाऱ्यातला नव्हे. वाटाण्याहून लहान, करड्या रंगाचे, एका बाजूला टोक असलेले. कॉलेजच्या प्राणिशास्त्र विभागात खिडकीपाशी उभी राहून मी ते उलटेपालटे करून पाहिले. नव्वदचं दशक निम्मं सरलं होतं. एम.एस्सी. होऊन मी त्याच कॉलेजात तासिकेवर शिकवत होते आणि पीएच.डी.ला गाईड शोधत होते. चारातला एक मी उचलला.

"हा."

"का?"

मी पुन्हा पाहिलं. "सांगता येत नाही, सर."

सर एकदम खूश झाले. "मलाही येत नाही. इतकी वर्षं झाली. आपल्याला तेच सांगायचंय."

अशी मी समुद्री गोगलगायींकडे आले. मी सटाण्याची. आमच्याकडे समुद्र कोणी पाहिलेला नव्हता. पहिल्या सुट्टीत शंखांची डबी घेऊन घरी गेले तर आईने झाकण उघडून विचारलं, "हाई काय शे?" मी सांगितलं. आईने डबी बंद केली आणि एवढंच म्हणाली की कांद्याच्या खळ्यात कुठे ठेवू नकोस, सापडायची नाही. नाशकात, कॉलेजातही तेच. समुद्र कुठे आणि तुम्ही कुठे, असं स्टाफरूममधलं प्रत्येक जण सरांना एकदा तरी म्हणायचं. सर शांतपणे म्हणत, "नोकरी नाशकात लागली, त्याला गोगलगायी काय करणार?"

ही गोगलगाय खडकांवर राहते, भरतीचं पाणी जेमतेम पोचतं त्या रेषेच्या वर. ऊन, वारा, लाटांचे शिंतोडे असं सगळं अंगावर घेत चिकटून बसते. पुस्तकांत तिची एकच जात दिलेली होती. सरांचं म्हणणं होतं की जाती तीन आहेत. एक गुळगुळीत शंखाची. एक गाठाळ, म्हणजे जिच्या वळशांवर खसखशीएवढ्या गाठींच्या रांगा असतात. आणि एक तिसरी. तिला आम्ही तिसरीच म्हणायचो, कारण तिचं काय वेगळं ते शब्दांत धरता येत नव्हतं. "हिचा खांदा बघ, पडलेला आहे," सर म्हणायचे. मी बघायचे. कधी तो खांदा, म्हणजे वळशाची वरची कड, पडलेला दिसायचा, कधी नाही.

दर हिवाळ्यात सर आणि काकू डहाणूच्या बाजूला जायचे, उन्हाळ्यात रत्नागिरीकडे. काकू म्हणजे सरांच्या पत्नी, प्राथमिक शाळेत शिक्षिका होत्या. मी त्यांच्याबरोबर पहिल्यांदा गेले ती जव्हारच्या घाटातून जाणारी एस.टी. होती आणि वाटभर मला मळमळत होतं. समुद्र दिसल्यावर मी काहीतरी म्हणावं अशी काकूंची अपेक्षा असावी. मी खडकावर बसून आधी लिंबू चोखलं.

सर पँट दुमडून खडकांत शिरले. एकदा वाकले की तासभर उठायचे नाहीत. त्यांची बोटं लांब आणि थोडी थरथरणारी होती, पण शंख उचलताना थरथर थांबायची. "ही लाटेच्या बाजूची. ही भेगेतली. आणि ही बघ, ही त्याच भेगेतली, पण ही तिसरी." ते माझ्याकडे न बघता शंख मागे करायचे आणि मी वेगवेगळ्या डब्यांत टाकायचे.

काकू छत्री उघडून संत्री सोलत होत्या. "यांना घरातली मीठ-साखर ओळखता येत नाही," त्या मला म्हणाल्या, "आणि इथे बघ." तक्रार होती, पण सांगताना त्यांचा चेहरा खुलला होता.

माझं काम मापाचं. सरांना जे दिसतं ते आकड्यांत बसवायचं. एका एका शंखाची उंची, रुंदी, तोंडाची लांबी, गाठींच्या रांगा. शंखाच्या पोटाकडे बारीक टाकाने शाईचा क्रमांक घालायचा आणि मग मायक्रोस्कोपखाली ठेवायचा. वीज गेली की मायक्रोस्कोप खिडकीत नेऊन आरशावर ऊन धरायचं. लग्न झालं, मुलगी झाली, माहेरी बाळंतपणाला गेले तेव्हाही डबे सोबत होते. तीन जाती असतील तर आकड्यांचा आलेख काढल्यावर ठिपक्यांचे तीन पुंजके दिसायला हवेत. मी आलेख काढला. पुंजके नव्हते. गुळगुळीतपासून गाठाळपर्यंत ठिपके सलग पसरले होते, मेन रोडवरच्या गर्दीसारखे, कोण कुठल्या गल्लीतून आलं ते कळू नये असे. आणि तिसरी त्या सगळ्यांत इकडेतिकडे विखुरलेली.

सरांनी आलेख दोन्ही हातांत धरून बराच वेळ पाहिला. मग परत दिला.

"माप चुकतंय."

"सर, मी दोनदा घेतलंय."

"मग चुकीची गोष्ट मोजतोय आपण. दुसरं काहीतरी आहे. वळशाची चाल बघू, कोन मोजू." ते रागावले नव्हते. उलट उत्साहात होते. "डोळ्याला दिसतं ना? मग ते आहे. आपल्याला पट्टी कुठे लावायची ते सापडत नाहीये, एवढंच."

मी कोन मोजायला घेतले. ते निम्मे झाले असतील, तेव्हा एका सकाळी विभागातला शिपाई वर्गाच्या दारात येऊन उभा राहिला आणि म्हणाला, "मॅडम, सरांना ॲडमिट केलंय."

दाढी करता करता सर बेसिनपाशी खाली बसले होते. उजवी बाजू गेली आणि बोलणं गेलं. मी हॉस्पिटलात पोचले तेव्हा त्यांच्या एका गालावर साबण वाळलेला होता आणि तो पुसायचं कोणाला सुचलं नव्हतं. काकूंनी मला पाहिलं आणि म्हणाल्या, "अगं, आत्ता तर बोलत होते. पाणी गार आहे म्हणत होते."

घरी आणल्यावर काही आठवड्यांनी बोलणं परत आलं, पण एकच शब्द. 'परवा.' पाणी हवं असलं तरी परवा, पाय दुखला तरी परवा, नको असलं तरी परवा. डॉक्टर म्हणाले, असं होतं. बाकीचे शब्द आत असतात पण तोंडाशी येत नाहीत, एखादाच बाहेर अडकून राहतो. तो का तो, याला काही कारण नसतं. काकूंना मात्र कारण हवं होतं. त्या त्यांच्या तोंडाजवळ कान नेऊन विचारायच्या, "परवा काय झालं? का परवा कुठे जायचंय?" सर मान हलवायचे आणि पुन्हा म्हणायचे, परवा.

मी दर रविवारी गंगापूर रोडला त्यांच्या घरी जायला लागले. कॉलेजातल्या गोष्टी सांगायचे, त्या संपल्या की भिंतीकडे बघायचे. एकदा निघताना काकू फाटकापर्यंत आल्या.

"पुढच्या वेळी शंख घेऊन येशील?"

"त्यांना त्रास होणार नाही ना?"

"दिवसभर टीव्हीकडे बघतात गं. बातम्या चालू असल्या काय आणि जाहिराती चालू असल्या काय." त्या फाटकाची कडी लावत-काढत राहिल्या. "डॉक्टर म्हणतात बुद्धी शाबूत आहे. मग काहीतरी द्यायला नको का तिला?"

पुढच्या रविवारी मी एक डबा नेला. सरांनी अजून न लावलेले, मी नुसते क्रमांक घातलेले शंख त्यात होते, शेवटच्या खेपेत आणलेले आणि मिसळलेलेच राहिलेले. काकूंनी स्टीलचं ताट आणलं. मी त्यात शंख ओतले. तो आवाज ऐकून सर खुर्चीत सरसावून बसले. डावा हात पुढे केला. एक उचलला, डोळ्याजवळ नेला, ताटाच्या कडेला ठेवला. दुसरा उचलला. हळूहळू ताटात तीन ढीग झाले. गुळगुळीत, गाठाळ आणि मध्ये तिसरा.

काकू स्वयंपाकघराच्या दारात पदर तोंडाला लावून उभ्या होत्या. सर होते. सगळेच्या सगळे होते, आतमध्ये. मी तिन्ही ढीग वेगवेगळ्या डब्यांत भरले, घरी आणून रात्रीच्या जेवणाआधी सगळ्यांचे क्रमांक टिपून ठेवले.

पुढच्या रविवारी तेच शंख मी पुन्हा मिसळून नेले. परीक्षा घ्यायची म्हणून नाही. दोनदा लावलेले असले की थेसिसमध्ये लिहिता येतं, एवढाच विचार होता. सरांनी त्याच तन्मयतेने तीन ढीग केले. घरी येऊन मी क्रमांक ताडून पाहिले आणि पहिल्यांदा वाटलं की माझ्याच डब्यांची अदलाबदल झाली. गुळगुळीत आणि गाठाळ बरेचसे जुळत होते. ते कोणालाही जुळले असते. पण तिसरीचा ढीग वेगळाच होता. मागच्या वेळी तिसऱ्या ढिगात असलेले निम्म्याहून जास्त या वेळी दुसरीकडे गेले होते आणि त्यांच्या जागी भलतेच आले होते.

तिसऱ्या रविवारी आणखी वेगळा.

आता मला कळेना की हे आजारामुळे आहे, की पहिल्यापासूनच असं होतं. सरांनी चांगले असताना लावलेले जुने डबे होते माझ्याकडे. त्यातले शंख मिसळून त्यांनाच पुन्हा लावायला द्यावेत असं तेव्हा मला सुचलं नव्हतं. कोणाला सुचेल? गाईडला विद्यार्थिनीने कसं म्हणावं, की सर, तुम्ही काल काय पाहिलंत ते आज पुन्हा पाहून दाखवा? आणि आता जुने डबे दिले असते तरी काय कळणार होतं? चुकलं तर आजार म्हणता आलं असतं, जुळलं तर योगायोग. जे मला हवं होतं ते विचारायची वेळच निघून गेली होती. मी स्वतः लावून पाहायचे. काही दिवस मलाही तिसरी स्वच्छ दिसायची, वाटायचं, हिला इतरांत मिसळणारे आंधळे आहेत का. दुसऱ्या दिवशी कॉलेजातून आले की तेच शंख समोर घेऊन नुसती बसायचे.

"बरोबर लावतात ना अजून?" काकूंनी विचारलं. त्यांच्या मुलाचा बेंगळुरूहून फोन आलेला होता, रिसीव्हरवर हात ठेवून विचारत होत्या.

"हो, काकू."

"हो म्हणतेय," त्या फोनवर म्हणाल्या. "अरे, सगळे बरोबर लावतात. एकही चुकत नाही म्हणे."

एकही चुकत नाही असं मी म्हटलं नव्हतं. पण फोनवरचं बोलणं तोवर पुढे गेलं होतं, मुलगा रडत असावा, कारण काकू "अरे, वेड्या" म्हणत होत्या.

असं वर्षभर तरी चाललं. मग एका रविवारी सर ताटापुढे बसले आणि पहिलाच शंख हातात धरून थांबले. तो त्यांनी गुळगुळीताच्या जागी ठेवला. उचलला. मधे ठेवला. पुन्हा उचलला. डोळ्याजवळ नेला, लांब धरला, खिडकीच्या उजेडाकडे वळवला. मग माझ्याकडे पाहिलं.

"परवा?"

त्या शब्दाला प्रश्नाचा सूर मी पहिल्यांदा ऐकला. त्यांनी शंख माझ्या हातात दिला आणि माझं मनगट धरून ताटाकडे नेलं. ठेव, असं म्हणत होते. मला विचारत होते. मी शंख पाहिला. साधा होता, दोन अस्पष्ट गाठी होत्या, खांदा होता तसा होता. मी तो कुठेही ठेवू शकले असते आणि कुठेच ठेवता येत नव्हता.

"सर, मला नाही कळत."

त्यांचा हात माझ्या मनगटावरून सुटला. डोळ्यांतून पाणी यायला लागलं. त्या आजारात रडू पटकन येतं, डॉक्टरांनी सांगून ठेवलं होतं, तरीही मी घाबरले. काकू धावत आल्या.

"काय दुखतंय? खांदा? पाठ? हिला सांगू का डॉक्टरांना फोन करायला?"

"परवा," सर म्हणाले. "परवा, परवा."

"काय हो परवा? काय होतं परवा?" काकू आता स्वतःच रडत होत्या. मी मध्ये हातात शंख घेऊन उभी. काय झालंय ते या खोलीत मला एकटीला माहीत होतं, निदान मला तसं वाटत होतं, आणि ते काकूंना सांगून त्यांच्या हाती काय आलं असतं? मी उशी नीट केली. पंखा लावला. त्या दिवसानंतर सरांनी ताटाला हात लावला नाही.

विद्यापीठाने मला दुसऱ्या गाईड दिल्या, पुण्याच्या. वयाने माझ्याहून थोड्याच मोठ्या, बोलायला सरळ. त्यांनी माझे आलेख पटापट पाहिले.

"नुसत्या शंखाच्या आकारावरून नवीन जात आता कोणी मानणार नाही. लाटा जास्त तर शंख वेगळा, ऊन जास्त तर वेगळा. एकाच आईची पोरं दोन खडकांवर वेगळी दिसतात. डीएनए करावं लागेल. मांस आहे ना?"

नव्हतं. सर शंख उकळत्या पाण्यात घालून आतला जीव सुईने काढून टाकायचे, मग वाळवायचे. कपाटभर डबे होते आणि त्यात जीव असलेली एकही गोगलगाय नव्हती.

मग मी नवऱ्याला घेऊन पुन्हा डहाणूच्या बाजूला गेले. सरांच्या त्या खडकांवर आता धूप थांबवायला बंधारा घातला होता, डंपरने ओतलेले मोठाले काळे दगड. भेगा गाडल्या गेल्या होत्या. पण गोगलगायी होत्या. त्या नव्या दगडांवर चढून बसल्या होत्या, जसं काही इथेच जन्मल्या. मी वाकून गोळा करायला लागले आणि बाटल्यांवर नावं लिहिताना अडले. गुळगुळीत लिहिलं, गाठाळ लिहिलं. तिसरी?

"झालं का?" नवरा वरून ओरडला. पाणी चढत होतं.

मला जी तिसरी वाटली ती मी तिसरीच्या बाटलीत टाकली. ती सरांचीच तिसरी आहे का, हे सांगू शकेल असं जगात कोणी उरलं नव्हतं.

कित्येक महिन्यांनी निकाल आला. सगळ्या एकच असाव्यात, पण डीएनएच्या तपासलेल्या एवढ्याशा भागावरून ठामपणे सांगता येत नाही, असं त्यात होतं. गाईड म्हणाल्या, एवढं पुरे, लिही. मी लिहिलं. एकाच जातीच्या शंखांमधली विविधता, असा विषय झाला. तोंडी परीक्षेला कोणी फारसं काही विचारलं नाही. परगावच्या परीक्षकांनी चहा पिता पिता विचारलं, नाशिकची द्राक्षं कधी सुरू होतात.

बांधलेली प्रत घेऊन मी सरांकडे गेले. ते आता पलंगावरच असायचे. काकूंनी प्रत हातात घेतली, इंग्रजी नाव सावकाश वाचलं, मग पानं उलटत विचारलं, "तिन्ही आहेत ना यात?"

"तिन्हींचे फोटो आहेत, काकू."

फोटोंचं पान उघडून आम्ही सरांपुढे धरलं. त्यांची डावी तर्जनी रांगेरांगेने फिरत गेली, एके ठिकाणी थांबली. ते काहीतरी बोलले, नेहमीचंच. काकूंनी चष्मा दिला, तो नको होता. पडदा सरकवला, तोही नाही. मी वाकून बोटाखालचा फोटो पाहिला. ओळखीचा वाटला नाही. मीच काढला होता तरी.

सर पुढच्या पावसाळ्यात गेले. तेराव्याला बैठकीत आलेल्या प्रत्येकाला काकू सांगत होत्या की शेवटपर्यंत शंख ओळखत होते, विचारा हिला. माणसं माझ्याकडे बघायची आणि मी मान हलवायचे. कोणी पुढे विचारलं नाही.

काकू मुलाकडे जाणार होत्या. घर रिकामं करताना मुलाने मला बाजूला घेऊन विचारलं, "ताई, या डब्यांचं काय करायचं? कुठल्या म्युझियमला वगैरे?"

मी एकदोन ठिकाणी पत्र टाकलं होतं. कोणाला नको होते.

"मी नेते," मी म्हटलं.

रिक्षाच्या दोन खेपा झाल्या. नवऱ्याने माळा मोकळा करून दिला, वर फळी टाकून दिली. तेव्हा मुलगी शाळेत जायला लागली होती. तिला खेळायला म्हणून एकदा डबा काढला आणि ती कंटाळून उठून गेल्यावर मीच बसून राहिले, सवयीने एकेक बाजूला काढत. थोड्या वेळाने पाहिलं तर चटईवर चार ढीग झाले होते. चौथा मी कशावरून केला ते मला सांगता येईना. मी तो परत परत पाहिला. मग संध्याकाळचं दूध आलं, बेल वाजली, आणि मी सगळे शंख ओंजळीने एकाच डब्यात भरले.